एकाच घरात दोघांच्या प्लेटलेट कमी?
नांदेडच्या ताई, आई आणि भाऊ दोघांनाही आयटीपी (शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते तो आजार), मग ती घराण्यातूनच आली का, असं तुम्ही विचारलंय. आयटीपी सहसा वारशानं येत नाही. म्हणून आधी निदानावरच शंका घ्या. जन्मजात दोषातही प्लेटलेट कमी असतात. आयटीपीसाठी देतात त्या स्टेरॉइडनं तेव्हा त्या वाढत नाहीत, रक्तातली साखर तेवढी वाढते!

जुने सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे रिपोर्ट) शोधा. पूर्वी कधी प्लेटलेटचा आकडा दीड लाखाच्या वर असेल तर जन्मजात दोष बहुधा नाही. रक्त घ्यायच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत कधीकधी प्लेटलेटच्या गुठळ्या होऊन आकडा खोटा कमी येतो. निळ्या सायट्रेट नळीत परत तपासून आलेला आकडा १.१ ने गुणायचा. स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) पॅथॉलॉजिस्टनं स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघावा, लाल पेशीएवढ्या थोराड प्लेटलेट मशीन मोजतच नाही. घरात कुणाचं मामाच्या मुलीशी, म्हणजे नात्यातच, लग्न झालेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आयटीपी म्हणून प्लीहा काढायला हे सगळं तपासण्याआधी होकार नको.