हक्कसोडपत्रावर सही करू का?

कराडची_लेक: वडील गेल्या वर्षी कार्तिकात गेले. गावाकडं तीन एकर ऊस, विहीर आणि जुनं घर. यंदा भाऊबीजेला दादानं ताटात साडी ठेवली आणि वहिनीनं शेजारी कागद. "तलाठ्याकडं द्यायचाय, सही कर, म्हणजे नोंद लवकर होईल." वाचला, तर हक्कसोडपत्र, म्हणजे माझा वाटा सोडल्याचा कागद! मी पतसंस्थेत दिवसभर लोकांचे कागद तपासते, मला कोण फसवणार? पण आई दादाकडं राहते. मला जमिनीचा लोभ नाही. साडीचोळीवर बोळवण मात्र नको वाटते. माहेर तुटेल का?

निवृत्त_वकील: ताई, वारसनोंदीला हक्कसोड लागतच नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांचा अर्ज दिला की तुम्हां तिघांची नावं लागतात. हक्कसोड दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं, आणि एकदा नोंदवलं की परत फिरणं फार अवघड. महाराष्ट्रात वडिलोपार्जित जमिनीत 1994 पासून हक्क आहे, पण तो तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना. देशभर सगळ्याच मुलींना 2005 पासून. 2005 मध्ये वडील हयात असायलाच हवे होते असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलंय. मृत्युपत्र नसेल तर जमीन स्वकष्टाची असो की वडिलोपार्जित, तुमच्या घरात आई, भाऊ, तुम्ही असे सारखे तीन वाटे पडतात.

उसवाला_भाऊ: कायदा बरोबर आहे. पण आईचा दवाखाना, सोसायटीचं कर्ज, रात्रीचं पाणी धरणं कोण करतं? बहिणी येतात सणाला आणि सल्ला देऊन जातात. राग मानू नका.

सांगलीकर_काकू: भाऊ, पाणी धरता म्हणून पीक घ्या की, कोण अडवतंय! बहिणीचं नाव कमी करायची घाई कशाला? मी सही दिली नाही. दोन दिवाळ्या धाकटा फिरकला नाही, मग त्याच्याच मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आला. ताई, स्वतःपेक्षा आईच्या नावाकडं बघ. ते सातबारावर असलं की म्हातारीला कोणी "तुझं इथं काय" म्हणत नाही.

कराडची_लेक: काकू, हे डोक्यातच आलं नव्हतं. दादाला फोन केला: ऊस तू लाव, पैसे तू घे, नावं तिघांची राहू देत. तो "बघू" म्हणाला. वहिनीनं फोन घेतला नाही. फेरफाराची, म्हणजे नोंद बदलण्याची नोटीस आता कुठं दिसेल?

निवृत्त_वकील: सरकारच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गाव निवडा. हरकत घ्यायची तर मुदतीत लेखी द्या आणि पोच घ्या.