दुर्बिणीने शीर काढायला शिकायचंय, सुरुवात कशी करू?

मांडवीकाठ
नमस्कार. पणजीजवळ एका रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेच्या टीममध्ये आहे. बायपाससाठी पायातली सॅफेनस शीर काढायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं. आजवर सगळ्या शिरा लांब चीर देऊन काढल्या. आता आमच्याकडे एंडोस्कोपिक व्हेन हार्वेस्टिंगचं, म्हणजे छोट्या चिरेतून दुर्बीण घालून शीर काढायचं, सामान येतंय. विकणारा म्हणतो, दोन दिवसांत हात बसेल. मला ते पटत नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३च्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यातच निघालं, २६.४ टक्के. आमच्या पेशंटांच्या पायाच्या जखमा का चिघळतात ते त्यावरून कळेल. म्हणून हे शिकायचंच आहे, पण पेशंटच्या ग्राफ्टवर, म्हणजे हृदयाला जोडायच्या शिरेवर, हात साफ करून नाही. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

सीटीव्हीएस_पुणे
डॉक्टर, तुमची शंका रास्त आहे. २००९ मध्ये प्रिव्हेंट-४ या चाचणीतल्या पेशंटांचा मागोवा छापून आला. त्यात वर्ष-दीड वर्षात निदान एक ग्राफ्ट निकामी झालेले पेशंट दुर्बिणीच्या गटात जास्त दिसले, ४६.७ टक्के विरुद्ध चीर दिलेल्यांत ३८ टक्के. आम्ही सगळेच हादरलो होतो. मात्र कोणाची शीर कशी काढायची हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६ केंद्रांवरच्या ११५० पेशंटांची रीग्रुप चाचणी आली. मृत्यू, हार्ट अटॅक, पुन्हा बायपास किंवा अँजिओप्लास्टी, यांत दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक नाही. पायाचा जंतुसंसर्ग मात्र ३.१ वरून १.४ टक्क्यावर. पण त्यात शीर काढणारा कोण होता? १०० हून जास्त केस केलेला, आणि मध्येच चीर द्यावी लागण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असलेला. म्हणजे तो निकाल मुरलेल्या हाताचा आहे. दोन दिवसांच्या ट्रेनिंगला तो लावू नका.

माझा सल्ला असा. आधी तुटक चिरांची पद्धत करा. दोन चिरांच्या मधल्या कातडीखाली शीर सोडवताना डोळ्यापेक्षा बोटांना जास्त समजायला लागतं. मग मॉडेलवर आणि शवावर सराव, त्यानंतर एखाद्या अनुभवी हार्वेस्टरला शेजारी उभं करून केस. पहिल्या केस ठरलेल्या तारखेच्या घ्या, मांडीतलीच शीर, एकाच ग्राफ्टपुरती. आदल्या दिवशी सोनोग्राफी करून शिरेचा मार्ग स्वतः कातडीवर आखा. फार स्थूल मांडी, व्हेरिकोज म्हणजे फुगलेल्या शिरा, इमर्जन्सी, हे सगळं नंतर.

फांद्या कापताना घाई करू नका. शिरेपासून थोडं लांब, खुंट ठेवून जाळा. उष्णता शिरेच्या भिंतीपर्यंत गेली तर वरून काही दिसत नाही, आतलं अस्तर मात्र गेलेलं असतं. शीर ओढूही नका. आणि वेळ मोजू नका. शीर बाहेर आल्यावर किती ठिकाणी टाका घालावा लागला ते वहीत लिहा. तो आकडा कमी होत गेला की शिकताय असं समजा.

भूलतज्ज्ञ_मडगाव
एक भर. शीर सोडवताना कातडीखाली तिच्याभोवती होणारा बोगदा फुगवायला कार्बन डायऑक्साइड लागतो, साधारण १०-१२ मिमी पारा दाबाने. गॅस सुरू करताना आम्हाला मोठ्याने सांगा. श्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो आम्ही सांभाळतो. पण शीर फाटली तर गॅस थेट हृदयात जाऊ शकतो. क्वचित घडतं, पण घडलं तर क्षणात गॅस बंद करावा लागतो. शिरेत गुठळी होऊ नये म्हणून हेपरिन कधी द्यायचं, तेही केसच्या आधीच आमच्याशी ठरवा.

डिचोलीची_लेक
मी डॉक्टर नाही, तरी लिहिते. बाबांची बायपास झाली. छाती महिन्या-दीड महिन्यात भरली, पाय मात्र अडीच महिने वाहत होता. पावसाळा, साखर वाढलेली, रोज ड्रेसिंग. चवथीला आरतीला उभं राहता येईना म्हणून आतल्या खोलीत खाटेवर बसून टाळ्या वाजवत होते. मी विचारलं तर म्हणाले, ‘हृदय नीट चाललंय गे, पायच घरात बसवतो.’ तुम्ही हे शिकताय याचं खरंच बरं वाटलं. फक्त पेशंटला आधी सांगा की पद्धत नवी आहे आणि सोबत अनुभवी माणूस आहे.

ओटी_सिस्टर_फोंडा
चीर देऊन शीर काढायचा ट्रे दर केसला उघडाच ठेवा, मागवायला लावू नका. टेबलावर गुडघा वाकवून पाय बाहेर वळवला की खाली नीट आधार द्या, नाहीतर पाय घसरतो. संपल्यावर मांडीवर क्रेप बँडेज घट्ट हवं. बोगद्यात रक्त साचलं की तिथेच जंतू धरतात.

मांडवीकाठ
सर, भूलतज्ज्ञ, सिस्टर, मनापासून आभार. शवावरच्या सरावासाठी गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) अ‍ॅनाटॉमी विभागात विचारतो, आणि मुख्य सर्जनना सांगतो की बाहेरून अनुभवी हार्वेस्टर येईपर्यंत किट उघडायचं नाही. डिचोलीच्या ताई, पेशंटला आधी सांगायचं हे मी ठरवलंच नव्हतं. आता संमतिपत्रात तेवढ्या दोन ओळी मराठीत आणि कोकणीत घालतो. बाबांचा पाय आता कसा आहे?

डिचोलीची_लेक
बरा आहे. यंदा चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी त्यांनीच बांधली.