डोक्यावर भांडं घातलेला माणूस: हे चित्र पुस्तकबंदीवर आहे का?

खडूपाटी
मागच्या आठवड्यात एका व्याख्यानाला गेलो होतो, विषय साहित्यावरची सेन्सॉरशिप. वक्त्यांनी मधेच एक चित्र दाखवलं, जॉर्ज ग्रॉस नावाच्या जर्मन चित्रकाराचं, 'समाजाचे आधारस्तंभ', १९२६. म्हणाले नाझींनी पुस्तकं जाळली त्यावर या माणसाने हाणलेला टोला आहे हा. घरी येऊन मोबाईलवर मोठं करून बघितलं तर पुस्तक एकही दिसेना. एकाच्या डोक्यावर भांडं उपडं घातलंय, एकाची कवटी वरून उघडी आणि आत चक्क शेण, वर त्याच्या वाफा निघतायत. आणि बर्लिनमधे पुस्तकं जाळली ती १९३३ च्या मे महिन्यात ना? मग १९२६ च्या चित्राने सात वर्षं आधीच टोला कसा हाणला? हात वर केला होता विचारायला पण तेवढ्यात चहा आला आणि सगळे उठले.

सध्या_बर्लिनकर
तुमची शंका बरोबर आहे, वक्त्यांची गाडी रुळावरून घसरली. हे चित्र इथे बर्लिनला नॉयं नॅशनलगॅलरी नावाच्या म्युझियममधे आहे, मी दोनदा बघितलंय, दोन मीटर उंच आहे त्यामुळे ती माणसं अंगावर येतात अक्षरशः. पुढचा तो बिअरचा मग आणि तलवार घेतलेला म्हातारा, त्याच्या टायवर बघा, स्वस्तिकाची पिन आहे. १९२६ ला! तेव्हा हिटलर सत्तेच्या जवळपासही नव्हता. शेणवाला म्हणजे राजकारणी. मागे डोळे मिटून हात पसरलेला धर्मगुरू, त्याच्या पाठीमागे रक्ताळलेली तलवार घेतलेला सैनिक आणि खिडकीबाहेर आग लागलीये.
आणि ते भांडं साधं नाही बरं का, रात्री पलंगाखाली ठेवतात ते मुतायचं भांडं आहे. ते घातलेला माणूस पत्रकार आहे, काखेत वर्तमानपत्रं, हातात पेन्सिल. बरेच जण म्हणतात हा हुगेनबर्ग, त्या काळचा वर्तमानपत्रांचा मोठा मालक. म्हणजे इथे कुणी कुणाचं लिखाण बंद पाडत नाहीये, ज्याने लिहायचं त्यानेच भांडं घालून घेतलंय.

पोथीवाला
वक्त्यांचं बहुतेक दोन गोष्टींचं मिश्रण झालं. ग्रॉसचा सेन्सॉरशिपशी संबंध दांडगाच होता, पण तो या चित्रामुळे नाही. हाशेक या चेक लेखकाची श्वेक कादंबरी, पहिल्या महायुद्धातल्या बावळट की बेरकी कळत नाही अशा शिपायाची, ती पिस्काटोर या नाट्यदिग्दर्शकाने १९२८ च्या जानेवारीत बर्लिनला स्टेजवर आणली. स्टेजवर सरकते पट्टे, मागे पडद्यावर ग्रॉसची चित्रं. नंतर त्यातल्या १७ चित्रांचा संच मालिक प्रकाशनाने काढला आणि त्यावर धर्मनिंदेचा खटला झाला. सगळ्यात गाजलं ते क्रुसावरच्या ख्रिस्ताचं, तोंडावर गॅस मास्क आणि पायात मिलिटरीचे बूट. खाली ओळ, 'थोबाड बंद ठेव आणि चाकरी चालू ठेव'. दुसऱ्या एका चित्रात पाद्री प्रवचन देतोय आणि तोंडातून तोफगोळे पडतायत.
डिसेंबर १९२८ ला ग्रॉस आणि प्रकाशक हेर्त्सफेल्ड दोघांना प्रत्येकी २००० मार्क दंड. १९२९ ला अपिलात सुटले. वरच्या कोर्टाने ती सुटका रद्द केली, १९३० च्या शेवटी परत सुटले, आणि १९३१ ला शेवटचा निकाल असा की माणसं निर्दोष, पण चित्रं आणि छपाईच्या प्लेटा नष्ट करा!!

भर_दुपारी
म्हणजे गुन्हा चित्राने स्वतःच केला 😂

पोथीवाला
अगदी. पण खरी गंमत अपिलाच्या निकालात आहे. सगळा वाद कशावर, तर ती थोबाडवाली ओळ कोण बोलतंय? ख्रिस्त लोकांना सांगतोय असं धरलं तर ती धर्मनिंदा. आणि युद्धवाले ख्रिस्तालाच दम देतायत असं धरलं तर चित्र ख्रिस्ताच्या बाजूचं होतं. झीगर्ट नावाच्या न्यायाधीशाने दुसऱ्या बाजूने वाचलं आणि सोडलं. एका ओळीचा वक्ता ठरवायला एवढी कोर्टं, आमच्या मराठीच्या बाई 'संदर्भासहित स्पष्टीकरण'मधे हेच विचारायच्या आणि त्याला चार मार्क होते.

जुनी_पेठ
हे वाचून 'गांधी मला भेटला'ची केस आठवली, गुर्जरांची कविता. तिथेही भांडण तेच होतं, कवीने गांधींच्या तोंडी शब्द घातले ते चालतील का. सुप्रीम कोर्टाने २०१५ ला सांगितलं की अशा थोर माणसाच्या तोंडी अश्लील शब्द घालताना अश्लीलतेची मोजपट्टी जास्त कडक लागणार. ग्रॉस आपल्याकडे असता तर अवघड होतं त्याचं.

खडूपाटी
बापरे, विचारलं एक आणि मिळालं भलतंच. मग ग्रॉसचं पुढे काय झालं? आणि ती चित्रं खरंच नष्ट केली?

सध्या_बर्लिनकर
तो १९३३ च्या जानेवारीतच अमेरिकेला निघून गेला, हिटलर चॅन्सेलर व्हायच्या दोनतीन आठवडे आधी. १९३८ ला त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. १९५९ ला बर्लिनला परत आला आणि काही आठवड्यांतच जिन्यावरून पडून वारला. संच मात्र आधीच विकला गेला होता त्यामुळे त्याच्या प्रती उरल्या, आज म्युझियममधे काचेमागे आहेत. तो मास्कवाला ख्रिस्तही.
आणि हो, वक्त्यांना पुस्तकं जाळण्यावरचंच चित्र हवं असेल तर त्यांना हार्टफील्डचं सांगा, 'उजेडातून अंधाराकडे', नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्स, पुस्तकांची होळी, मागे पेटलेलं राइशटाग म्हणजे जर्मन संसदेची इमारत. पेंटिंग नाहीये पण, कापून चिकटवलेल्या फोटोंचं आहे, १९३३ चं. आणि हा हार्टफील्ड म्हणजे वरच्या त्या प्रकाशकाचा सख्खा भाऊ, आडनाव इंग्रजी करून घेतलं होतं त्याने पहिल्या महायुद्धात, मुद्दाम.

खडूपाटी
सांगतो. पुढच्या वेळी चहाच्या आधी हात वर करेन.