भाव वाढतो, पण कुणाचा?

'शेतमालाचे भाव वाढले की शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो' हे म्हणणं ज्याच्याकडे विकायला भरपूर माल आहे त्याच्यापुरतंच पटतं. दोन-तीन एकर कोरडवाहूवाला वर्षातून एकदा विकतो आणि वर्षभर विकत घेतो. मराठवाड्यात ज्वारी मागे पडून सोयाबीन आलं, तसं खायचं धान्यही दुकानातून यायला लागलं.

सप्टेंबर २०२४ चंच बघा. केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं, सोयाबीनला भाव मिळावा म्हणून. तेल लगेच महागलं. सोयाबीन मात्र क्विंटलला ४८९२ रुपयांच्या हमीभावाच्या बरंच खाली विकलं गेलं. कारण दाण्यातून तेल निघतं १८ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड म्हणजे तेल काढल्यावर उरणारा चोथा, आणि पेंडीला उठाव नव्हता. हमीभावाने घेणाऱ्या सरकारी खरेदी केंद्रावर दाण्यात ओलावा १२ टक्क्यांपेक्षा जास्त नको अशी अट होती, ती १५ वर नेली नोव्हेंबरमध्ये. तोवर उधारी भागवायला अनेकांनी माल व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. ज्याने सोयाबीन पिकवलं त्यानेच तेलाचा पुडा चढ्या दराने घेतला. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात, पण तेल-डाळीचा खर्च खिशातूनच. मग घरात आधी वरण पातळ होतं आणि हे कुठल्याच भावाच्या तक्त्यात दिसत नाही.