मदत हवी आहे : ३६० अंशी (चौफेर दिसणारा) व्हिडिओ डोळ्यांवर लावायच्या व्हीआर हेडसेटमध्ये पाहताना गरगरतं, चित्रही पुसट दिसतं

संग्रहालयाच्या दालनांची ९ मिनिटांची फिल्म आहे. दोन लेन्सचा ५.७के (५७६० × २८८० पिक्सेल) कॅमेरा, सेकंदाला ३० फ्रेम, एक्स्पोर्ट (तयार फाइल) ३८४० × १९२० पिक्सेल. दोन शॉट कॅमेरा काठीवर धरून चालत घेतलेले, बाकीचे ट्रायपॉडवर १७० सेंमी उंचीवरून. प्रेक्षक खुर्चीत बसून पाहतात. तक्रारी अशा : चालत्या शॉटमध्ये मळमळतं, पाट्या वाचता येत नाहीत, माहिती सांगणारी व्यक्ती पटकन सापडत नाही, आणि तिचा हात मध्येच तुटल्यासारखा दिसतो. बिटरेट (दर सेकंदाच्या व्हिडिओला दिलेला डेटा) दुप्पट करून पाहिला, फरक शून्य. काय बदलू?

प्रतिसाद १
मळमळीचं आधी बघा, कारण एकदा पोटात ढवळलं की पुढची फिल्म कोणी नीट पाहत नाही. डोळ्यांना दिसतं की आपण पुढे चाललोय, पण कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की शरीर जागेवरच आहे. हा झगडा वेग बदलताना आणि वळताना सर्वांत जास्त जाणवतो. स्टॅबिलायझेशन (चित्राची थरथर काढणारी सोय) कॅमेऱ्याचं फिरणं आणि कलणं काढतं, पण पावलागणिक होणारं वर-खाली हलणं बरंचसं तसंच राहतं. म्हणून काठीऐवजी चाकांची ट्रॉली घ्या, सरळ रेषेत, एकाच संथ वेगाने. स्टॅबिलायझेशनमध्ये दिशा लॉक करा, म्हणजे कॅमेरा वळला तरी प्रेक्षकाभोवतीची खोली फिरणार नाही. खरं तर हे दोन्ही शॉट काढून तिथे स्थिर शॉट जोडले तर उत्तमच. ट्रायपॉडच्या शॉटमध्येही क्षितिज तपासा. साध्या पडद्यावर लक्षात न येणारा २-३ अंशांचा कल हेडसेटमध्ये जमीनच तिरकी झाल्यासारखा वाटतो.

प्रतिसाद २
बिटरेटने फरक पडणार नव्हताच, मुळात पिक्सेलच कमी आहेत. ३८४० पिक्सेल पूर्ण ३६० अंशांत वाटले की अंशाला जेमतेम १०.७ येतात, निरोगी नजर सुमारे ६० पिक्सेलपर्यंतचा बारकावा टिपते. ५७६० × २८८० ला एक्स्पोर्ट केलंत तर १६ मिळतील. कॅमेऱ्याने टिपलेलं तुम्ही एक्स्पोर्टमध्येच गमावताय!
पाट्यांचा हिशेब असा : २ मीटरवरचं २ सेंमी उंचीचं अक्षर ०.५७ अंश व्यापतं. आत्ता त्याच्या वाट्याला ६ पिक्सेल येतात, मोठ्या एक्स्पोर्टमध्ये ९. देवनागरीच्या मात्रा-वेलांट्यांना ९ सुद्धा अपुरेच, तेव्हा महत्त्वाचा मजकूर एडिटमध्ये मोठ्या अक्षरांत वेगळा टाका. फाइल एच.२६५ मध्ये (व्हिडिओ कमी जागेत बसवणाऱ्या फॉरमॅटमध्ये) काढा आणि हेडसेटमध्येच कॉपी करून चालवा. नेटवरून दाखवली तर दर्जा आपोआप घसरू शकतो.
आणि पुसट सगळ्यांनाच दिसतं की काही जणांनाच? काही जणांनाच असेल तर हेडसेट नाकावर घसरलाय का, लेन्समधलं अंतर डोळ्यांच्या अंतराशी जुळवलंय का, ते आधी बघा.

प्रतिसाद ३
हात तुटतो तो स्टिचिंगच्या शिवणीवर, म्हणजे दोन लेन्सची चित्रं जिथे जोडली जातात तिथे. दोन लेन्स एकाच बिंदूत नसतात, त्यामुळे जवळची वस्तू दोघींना थोड्या वेगळ्या जागी दिसते आणि शिवण जुळत नाही. बोलणाऱ्या व्यक्तीला एका लेन्सच्या बरोबर समोर, दीड ते दोन मीटरवर उभं करा. कॅमेऱ्याच्या कडेच्या बाजूला कोणी जवळ नको, शिवण तिथेच असते.
ती व्यक्ती सापडत नाही याचं कारण बहुतेक कटमध्ये आहे. आधीच्या शॉटच्या शेवटी नजर जिथे असेल, तिथेच पुढच्या शॉटमध्ये ती व्यक्ती यायला हवी. त्यासाठी एडिटमध्ये शॉटची सुरुवातीची दिशा डावी-उजवीकडे फिरवून घ्या. नवीन दालन आलं की प्रेक्षक आधी चौफेर बघतो. त्याला ६-८ सेकंद द्या, मग बोलणं सुरू करा. आवाज दोन्ही कानांत सारखाच येत असेल तर मान कुठे वळवायची ते कळत नाही. चार चॅनलचा अँबिसॉनिक ट्रॅक (मान वळवली तरी आवाजाची दिशा टिकवणारा) करून आवाज त्या व्यक्तीच्या दिशेला बसवा.

धागाकर्ता
आभार. पुन्हा शूट करायचंच झालं तर उंची किती ठेवू?

प्रतिसाद १
बसून पाहणार असतील तर १२० ते १२५ सेंमी. बसलेल्या माणसाची नजर साधारण तिथे असते. १७० वरून घेतलेलं बसून पाहिलं की अधांतरी तरंगतोय असं वाटतं, आणि ते एडिटमध्ये दुरुस्त होत नाही. मात्र उभ्या माणसाचा चेहरा मग वरच्या बाजूला येतो, म्हणून बोलणाऱ्या व्यक्तीलाही बसवा. आणि प्रेक्षकांना फिरती खुर्ची द्या, नाहीतर पाठीमागचं कोणी पाहतच नाही.