रेकॉर्डिंगसाठी लॅपटॉपच्या हार्ड डिस्कचे किती भाग करावेत?

एकतारी:
नमस्कार. आमच्या भजनी मंडळाचे रेकॉर्डिंग मी लॅपटॉपवर करतो. बुवांचा आवाज, पेटी, पखवाज आणि टाळ असे चार ट्रॅक ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर घेतो आणि तानपुरा लॅपटॉपमधल्याच नमुना-ध्वनींवरून वाजवतो. आत १ टेराबाइटची, ५४०० आरपीएमची एकच हार्ड डिस्क असून सगळे सी ड्राइव्हवरच आहे. गेल्या एकादशीच्या दोन तासांच्या भजनात तीन ठिकाणी ‘टक्’ असा आवाज येऊन सूर तुटला, त्यातला एक तर बुवांनी आलापात षड्ज लावला तेव्हाच. विंडोज, नमुने आणि रेकॉर्डिंग यांसाठी तीन वेगळी पार्टिशन (डिस्कचे स्वतंत्र भाग) केली, तर हा दोष जाईल का?

खर्जातला:
पार्टिशनने हा दोष जाणार नाही, उलट वाढण्याची शक्यता आहे. आपल्या एका ट्रॅकला सेकंदाला सुमारे १४४ किलोबाइट लागतात, म्हणजे चार ट्रॅकना ५७६. दोन तासांचा सगळा ऐवज साधारण ४.१५ गिगाबाइट होतो. एवढा सलग मजकूर लिहिणे जुन्या डिस्कलाही सहज जमते. अडचण वेगाची नसून धावपळीची आहे. फिरत्या डिस्कमध्ये लिहिणारी-वाचणारी सर्व हेड एकाच दांड्याला जोडलेली असल्यामुळे ती एकत्रच हलतात आणि प्रत्येक उडीत काही मिलिसेकंद जातात. तीन पार्टिशन केली म्हणजे एकाच वाढप्याला मांडवाच्या तीन टोकांच्या पंगती वाढायला सांगितल्यासारखे होते. तो इकडून तिकडे धावतो आणि तेवढ्यात कोणाचे तरी पान रिकामे राहते.

त्याऐवजी दुसरी, स्वतंत्र डिस्क घ्यावी. यूएसबी ३ ची बाह्य एसएसडी असल्यास उत्तम, कारण तिच्यात हलणारे हेडच नसते. पार्टिशनचा खरा उपयोग इतकाच, की विंडोज पुन्हा टाकताना सी पुसला तरी बाकीच्या फाइल शाबूत राहतात. शिवाय रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय आणि अपडेट बंद ठेवावे आणि गायकाला लॅपटॉपमधून आवाज ऐकवायचा नसेल, तर बफर (आवाज तात्पुरता साठवण्याची जागा; ती मोठी केली की आवाज उशिरा ऐकू येतो) १२८ वरून ५१२ सॅम्पलवर न्यावा.

जुना श्रोता:
वरील मताशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. नवी डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-पद्धतीत फॉरमॅट करावी. मॅकवरही लिहायचे असल्यास एक्सफॅट चालेल, पण त्यात जर्नल (डिस्कवरच्या बदलांची आधी ठेवलेली नोंद) नसल्यामुळे मध्येच केबल निघाली तर नुकसानीचा धोका अधिक असतो. फॅट३२ मात्र टाळावी, कारण तिच्यात एक फाइल ४ गिगाबाइटपलीकडे जात नाही.

आणि कृपया दुसऱ्या पार्टिशनला बॅकअप समजू नये. मी माझ्या वडिलांच्या काकड आरतीची रेकॉर्डिंग डी वर ठेवून त्यांची प्रत ई वर काढत असे. एका सकाळी डिस्कमधून कटकट आवाज येऊ लागला आणि दोन्ही ड्राइव्ह एकदमच दिसेनासे झाले. वडील तोवर गेले होते. आता प्रत्येक भजनानंतर पेटी पिशवीत ठेवण्याआधी मी वेगळ्या डिस्कवर प्रत काढतो.

एकतारी:
दोघांचेही मनापासून आभार. काल बाह्य एसएसडीवर दीड तासाची तालीम रेकॉर्ड केली. बफर ५१२ वर ठेवला होता. हेडफोन लावून सगळे ऐकले आणि एकदाही सूर तुटला नाही. तानपुऱ्याचे नमुने अजून सी वरच आहेत. तेही हलवावेत का?

खर्जातला:
होय, हलवावेत. एवढे लिहिणे आणि तानपुऱ्याचे वाचणे एसएसडी एकाच वेळी सहज पेलते. हलवल्यावर तानपुऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नमुन्यांच्या फोल्डरचा नवा पत्ता द्यावा आणि डिस्कला दर वेळी तेच ड्राइव्ह अक्षर मिळेल असे डिस्क मॅनेजमेंटमध्ये ठरवून ठेवावे, नाहीतर ऐन भजनाच्या वेळी फाइल सापडत नाही असा संदेश येईल.