मदत हवी आहे: पशुवैद्यक नसताना जनावरांच्या विषाणूंवर काम करता येईल का? (मुंबई)

नमस्कार मंडळी,

मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झालंय, सध्या अंधेरीला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. मीडिया बनवा, प्लेट ओता, इन्क्युबेटरमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी कॉलन्या मोजा, सही करा. पगार वेळेवर होतो, माणसं बरी आहेत, त्यामुळे रडगाणं नाही. पण एम.एस्सी.ला विषाणूशास्त्राचा जो एकुलता एक पेपर होता तिथेच जीव अडकलाय, आणि त्यातही प्राण्यांच्या विषाणूंत.

राहते गोरेगाव पूर्वेला. आमच्याकडे अजून तबेल्याचं दूध येतं. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर "दूध बंद करा"चा नुसता धुरळा उडाला होता. मी वाचत सुटले. लम्पीचा विषाणू देवीच्या कुळातला, शेळ्यांच्या देवीचा अगदी जवळचा नातेवाईक, म्हणून गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचत होते. चावऱ्या माश्या, डास, गोचिडांमार्फत पसरतो, माणसाला होत नाही, गाईंना जास्त आणि म्हशींना कमी होतो. हे सगळं ग्रुपवर टाकलं. त्यावर एकाने गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल पाठवलं, असो.

मग डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय: कोंबडीचा आजार वाघापर्यंत कसा पोचला हे शोधणारे लोक नेमके कोण असतात? काय शिकलेले असतात, कुठे बसतात?

अडचण अशी की मी बी.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकाची पदवी) नाही. आता नव्याने नीट देऊन साडेपाच वर्षं काढणं जमणार नाही. मुलगी दुसरीत आहे, नवऱ्याची नोकरी इथली, त्यामुळे निदान दोन वर्षं तरी मुंबई सोडता येणार नाही. अशा बाईला या क्षेत्रात दार आहे का, की खिडकीतून बघत बसायचं? मुंबईत हे काम कुठे चालतं? परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि हाफकिन एवढंच मला माहीत आहे. आणि ओढ खरं तर जंगली प्राण्यांची आहे, पण सुरुवात गाई-म्हशींपासून करावी का?

ऑफिसातला एक मित्र म्हणतो, आरेत वटवाघळांची झाडं आहेत, खाली पडलेली विष्ठा डब्यांत भर, कुणाच्या तरी लॅबमध्ये पीसीआर (विषाणूची जनुकं ओळखणारी चाचणी) कर, पेपर लिही. मला हे काही बरोबर वाटत नाहीये, पण नक्की काय चुकतंय ते सांगता येईना. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

– प्लेटवाली


प्रतिसाद: गुरांचा डॉक्टर

ताई, आधी मित्राचं. ती विष्ठा गोळा करू नका. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह या जीवघेण्या विषाणूची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) सापडली, ते नमुने २०२० मध्ये पुण्याच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या) लोकांनी घेतले होते. अंगभर पोशाख, मास्क, दुहेरी हातमोजे, आणि मागे बीएसएल-४ म्हणजे सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा. तुमच्या मागे काय आहे? दुसरं असं की, परवानगीशिवाय गोळा केलेल्या नमुन्यावरचा पेपर चांगलं नियतकालिक छापणार नाही, आणि वन खात्याचा माणूस दारात आला तर मित्र ओळख दाखवणार नाही.

आता दाराचं. पशुवैद्यक नसल्याने तुमचं अडतं ते जनावराच्या अंगाला हात लावण्यापुरतं. १९८४ च्या कायद्याप्रमाणे उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे, आणि म्हशीच्या मानेची शीर शोधून रक्त काढायला सरावाचा हात लागतो. पण नळी एकदा बर्फात गेली की पुढचं बहुतेक काम तुमच्यासारख्यांचंच. एलायझा (रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी), आरटी-पीसीआर, पेशीसंवर्धन, सिक्वेन्सिंग. गोरेवाड्याचंच घ्या. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, असल्याचं तिथून कळलं. अशा प्रयोगशाळांत बाकावर बसणारे सगळे पशुवैद्यक नसतात. आणि कोंबडीकडून वाघाकडे जायचा रस्ता जुनाच आहे. २००४ मध्ये थायलंडमधल्या श्रीराचाच्या प्राणिसंग्रहालयात वाघांना कच्च्या कोंबड्या घातल्या गेल्या आणि शंभरावर वाघ मेले किंवा मारावे लागले.

रस्ता सांगतो. सीएसआयआर-नेट लाइफ सायन्सेस किंवा डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बेट परीक्षा द्या, पीएच.डी.साठी फेलोशिप मिळाली की गाईड तुमचं ऐकतो. तोवर आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन) आणि आयसीएआर (कृषी संशोधन) या परिषदांच्या संस्थांच्या संकेतस्थळांवर प्रोजेक्टच्या जागा बघत राहा. मुदतीच्या असतात, पगार तुमच्या कंपनीपेक्षा कमी असण्याची तयारी ठेवा.


प्रतिसाद: देशपांडे_सदाशिव

पुण्याला या की! एनआयव्ही इथे, औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा इथे, लस बनवणारी संस्था इथे. आज बरेलीजवळ इज्जतनगरला जी आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था) आहे, तिचाही जन्म १८८९ साली पुण्यातच झाला. मुंबईत काय ठेवलंय?


प्रतिसाद: गुरांचा डॉक्टर

@देशपांडे, परळचं कॉलेज १८८६ चं. तीन वर्षांनी थोरलं. आणि पुण्यातली ती प्रयोगशाळा १८९३ मध्ये उचलून हिमालयात मुक्तेश्वरला नेली, कारण बुळकांडीसारख्या गुरांच्या साथीच्या आजारांवर काम करायला थंड आणि वस्तीपासून लांब जागा हवी होती. पुढे बुळकांडी जगातूनच गेली, २०११ मध्ये तशी घोषणा झाली. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच आजार. तेव्हा पुणेकरांनी श्रेय जरा बेताने घ्यावं.

ताईंना दोन वर्षं मुंबईच हवी आहे, तर परळमध्येच बघा. हाफकिनच्या आवारात एनआयव्हीचं मुंबई युनिट आहे, आधीचं एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र. काम माणसांच्या विषाणूंचं, मुख्यतः पोलिओचं. मुंबईच्या सांडपाण्यातून पोलिओ शोधायचं काम २००१ पासून तिथे चालत आलंय. जनावरं नाहीत म्हणून नाक मुरडू नका. पेशींच्या थरावर विषाणू वाढवणं, पेशी मेलेल्या दिसल्या तर ते विषाणूमुळेच की नाही हे ठरवणं, हा हात एकदा बसला की गाईचा विषाणू काय आणि माणसाचा काय.


प्रतिसाद: भाकड म्हैस

(नाव गंमतीने घेतलंय. आमचा धंदा तीन पिढ्यांचा.)

तबेल्याकडून सांगतो. मुंबईच्या तबेल्यात म्हैस जन्मत नाही, ती ट्रकमधून येते. हरियाणातून मुऱ्हा, गुजरातेतून जाफराबादी, मेहसाणा. दूध देते तोवर राहते, भाकड झाली की परत जाते किंवा विकली जाते, जागेवर नवी येते. त्यामुळे बाहेर जे काही फिरत असेल ते आमच्या दारात उतरतं. लाळ्या-खुरकूत (तोंडाला आणि खुरांना फोड आणणारा विषाणूचा आजार) आली की दूध धाडकन खाली येतं, आणि मग बरी झाली तरी पहिल्यासारखी देत नाही. अभ्यास करायचा तर या ट्रकांचा करा. बिबट्याच्या मागे सगळेच असतात.

फक्त वहीपेन घेऊन थेट येऊ नका. रक्त काढलं की दूध तुटतं असं आमच्याकडे अजूनही मानतात, आणि "टेस्ट" म्हटलं की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तुटेल ही भीती त्याहून मोठी. खात्याचे डॉक्टर लसीकरणाला येतात, त्यांच्याबरोबर या. चहा पाजू.


प्रतिसाद: गुरांचा डॉक्टर

भाकड म्हैस यांना शंभर टक्के अनुमोदन. शिवाय यात ताईंच्या हातचं काम आहे. आपल्याकडे लाळ्या-खुरकुताच्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार असतात. आता टोचलेल्या म्हशीच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, तर ती लसीची की खऱ्या आजाराची? शुद्ध केलेल्या लसीत विषाणूच्या कवचाची प्रथिनं राहतात. पण विषाणू शरीरात वाढताना आणखी काही प्रथिनं बनवतो, ती लसीत नसतात. त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडली तर समजायचं की हिला आजार होऊन गेलाय, मालक काहीही म्हणो. ही एलायझा चाचणी तुम्हाला शिकायला फार दिवस लागणार नाहीत. ट्रकमधून उतरलेली म्हैस आणि सहा महिने इथे राहिलेली म्हैस यांची तुलना केलीत, तर तो कुणालाही उपयोगी पडेल असा अभ्यास होईल.


प्रतिसाद: टिटवी

मी पक्षीवाली, भांडुप पंपिंग स्टेशनला पडीक असते. मुंबईत हे काम नवीन नाही, एवढंच सांगायला आले. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या बाजूला माकडं मरायला लागली आणि क्यासनूरच्या तापाचा विषाणू सापडला, गोचिडांतून येणारा. तो रशियातल्या एका विषाणूच्या नात्यातला निघाला. मग शंका आली की स्थलांतर करणारे पक्षी गोचिडांसकट तो इथे आणतात की काय. त्यातूनच १९५९ मध्ये पक्षीतज्ज्ञ सलीम अली आणि बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांना कडी घालून स्थलांतराचा अभ्यास सुरू केला. म्हणजे या शहरातल्या पक्षीप्रेमाला विषाणूंनी पैसे पुरवलेत म्हणा ना! तोच ताप आता सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे आहे.

आणि कावळा मेलेला दिसला तर उचलू नका गं, फोन करा. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता.


प्रतिसाद: अनामिक४५

करोनाने पोट भरलं नाही का? विषाणूंशी खेळ कशाला?


प्रतिसाद: टिटवी

@अनामिक४५, विषाणू खेळतोच आहे, आपण निदान स्कोअर तरी लिहू.


प्रतिसाद: येऊरचा वाटाड्या

जंगली प्राण्यांची ओढ आहे म्हणताय म्हणून लिहितो. मुंबईत जंगल आणि तबेला यांच्यामध्ये भटका कुत्रा आहे. तो तबेल्यातली वार (म्हैस व्यायल्यावर पडणारी) खातो, कचरा खातो, रात्री संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला जातो आणि बिबट्या त्याला खातो. इथल्या बिबट्यांच्या विष्ठेत कुत्र्याचे केस मिळतात, त्यावर अभ्यास झालेत. कुत्र्यांतला डिस्टेंपर हा विषाणूचा आजार वाघ-सिंहांसारख्या मोठ्या मांजरांना काय करतो ते २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत दिसलं, त्याआधी १९९४ मध्ये सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह गेले.

बिबट्याच्या केसालाही हात लावायचा तर परवानगी लागते, प्रस्ताव मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नागपूरला जातो, वेळ लागतो, आणि संस्थेचं नाव नसेल तर कागद हलत नाही. कुत्र्याला ती कटकट नाही. नसबंदी केंद्रात रोज कुत्रे भुलीखाली असतात, तिथल्या पशुवैद्यकाने संमती दिली आणि संस्थेच्या नैतिकता समितीने मान्य केलं तर स्वॅब आणि रक्त तिथेच मिळू शकतं. माझं मत विचाराल तर मुंबईत बिबट्याच्या आजारांकडे जायची वाट कुत्र्यावरूनच जाते.


प्रतिसाद: प्लेटवाली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. वटवाघळांचा बेत बाद. ट्रकमधल्या म्हशी आणि कुत्रे या दोन्हींत मन अडकलंय. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला कुत्र्यांना मला बघून भुंकायची सवय आहे, आधी त्याचं बघ.

डॉक्टरकाका, दोन शंका. कुत्र्यांवर काम करायचं तर रेबीजची लस आधीच घ्यावी लागते ना? आणि प्रोजेक्टच्या जागांना अर्ज करताना माझा क्यूसीचा अनुभव उपयोगाचा आहे की लपवू?


प्रतिसाद: गुरांचा डॉक्टर

लस आधी. कुत्रा चावायची वाट न बघता घेतात तो कोर्स तीन टोचण्यांचा, पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. नंतर अधूनमधून रक्तातली प्रतिपिंडं तपासून घ्यायची. पुढे कधी चावलाच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन पुन्हा दोन टोचण्या घ्याव्या लागतील, पण सीरमची (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची) गरज पडत नाही. हे न करता कुठल्याही केंद्रात पाऊल ठेवू नका, आणि जिथे तुम्हाला हे विचारणार नाहीत तिथे काम करू नका.

क्यूसी लपवू नका, उलट वर लिहा. नोंदी नीट ठेवणारा माणूस विषाणूच्या प्रयोगशाळेत दुर्मीळ असतो. नमुन्याला नंबर, तारीख, कोल्ड चेनचं तापमान, कुणी उघडला, कधी उघडला. फक्त "कॉलनी काउंट" सोडून पीसीआर हाताने केलंय का ते स्पष्ट लिहा, आणि केलं नसेल तर आधी एखादं प्रशिक्षण उरकून घ्या. बायोडेटा व्यनिने पाठवा, लाल पेनाने परत देतो.